यवतमाळ जिल्ह्यातील भाडे नियंत्रण

यवतमाळ जिल्ह्यातील भाडे नियंत्रण म्हणजे महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील यवतमाळ जिल्ह्यात भाड्याने दिलेल्या घरांचे, दुकानांचे व गोदामांचे भाडे, ताबा आणि दुरुस्ती यांविषयी घरमालक व भाडेकरू यांचे हक्क ठरविणारी कायदेशीर व्यवस्था होय. सध्या ही व्यवस्था महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ या कायद्यावर आधारलेली असून तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यापूर्वी सुमारे अर्धशतक या जिल्ह्यात, उर्वरित विदर्भाप्रमाणेच, मध्य प्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडे नियंत्रण आदेश, १९४९ लागू होता. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा येथील कायद्यांहून हा आदेश बराच वेगळा होता. भाडेकरूस घराबाहेर काढण्यासाठी घरमालकाला न्यायालयात जाण्यापूर्वी महसूल अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागे, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य. जिल्ह्याच्या बोलीत भाड्याला ‘किराया’ आणि भाडेकरूला ‘किरायादार’ म्हणतात. कायद्याच्या मराठीत मात्र ‘भाडे’ व ‘भाडेकरू’ हेच शब्द आहेत.

पार्श्वभूमी

यवतमाळ हा वऱ्हाडातील जिल्हा. वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर नागपुराहून चालू लागला. संपूर्ण प्रांतच पट्ट्याने घेतलेला होता, हा भाडे नियंत्रणाच्या लेखात सहज आठवणारा योगायोग. जिल्ह्याची जुनी बाजारपेठ कापसाची आहे. यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा, दिग्रस, उमरखेड या गावांत जिनिंग, अडत आणि किरकोळ व्यापार यांच्याभोवती वस्ती वाढली. व्यापारी, कारकून, शिक्षक, बदलीवर आलेले सरकारी नोकर अशा लोकांना लागणारी घरे व दुकाने प्रामुख्याने खाजगी मालकांची होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधकाम साहित्याची टंचाई, शहरांकडे आलेले लोक आणि वाढती महागाई यांमुळे घरभाडी भडकली. भारतातील बहुतेक प्रांतांत त्या वेळी भाड्यावर निर्बंध आले. मुंबई शहराला अशा निर्बंधांची ओळख पहिल्या महायुद्धापासून होती. मध्य प्रांत व वऱ्हाडात ते दुसऱ्या महायुद्धाबरोबर आले. युद्धकालीन अधिकार संपत आले तेव्हा प्रांतिक सरकारने १९४६ मध्ये निवासस्थाने भाड्याने देण्याचे विनियमन करणारा कायदा केला. या कायद्याने मिळालेल्या अधिकारातून १९४९ चा आदेश काढण्यात आला. म्हणजे विदर्भात पन्नास वर्षे चाललेले भाडे नियंत्रण हे स्वतंत्र अधिनियमाच्या स्वरूपात नव्हते; ते दुय्यम विधानाच्या, सरकारी आदेशाच्या स्वरूपात होते. टंचाईच्या काळापुरती केलेली व्यवस्था विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली, हे तिच्या अनेक गुणदोषांचे मूळ आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राची स्थापना झाली. भाडे नियंत्रणाचे कायदे मात्र जुन्या सीमांप्रमाणेच राहिले. मुंबई व पश्चिम महाराष्ट्रात १९४७ चा मुंबई भाडे कायदा, मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद कायदा आणि विदर्भात १९४९ चा आदेश असे तीन कायदे एका राज्यात पुढे चाळीस वर्षे नांदले. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा नदी आहे. नदीच्या अलीकडे उमरखेडच्या भाडेकरूला एक कायदा आणि पलीकडे नांदेड जिल्ह्यातील हदगावच्या भाडेकरूला दुसरा, अशी स्थिती २००० सालापर्यंत होती. दोन्ही गावांचा बाजारव्यवहार परस्परांत गुंतलेला असला तरी घर खाली करून घेण्याची रीत वेगळी होती.

१९४९ चा आदेश

आदेशाचे मुख्यतः तीन भाग होते: वाजवी भाडे ठरविणे, भाडेकरूस ताब्याचे संरक्षण देणे आणि रिकाम्या घरांचे वाटप करणे.

वाजवी भाडे ठरविण्याचा अधिकार भाडे नियंत्रकाकडे असे. भाडे नियंत्रक हा महसूल खात्यातील अधिकारी असे. घरमालक किंवा भाडेकरू यांपैकी कोणीही त्याच्याकडे अर्ज करू शके आणि एकदा भाडे ठरले की त्याहून अधिक मागणे बेकायदेशीर होई. व्यवहारात असे अर्ज करण्यापेक्षा दोघेही जुन्याच रकमेवर राहत; मालकाला वाढ हवी झाली म्हणजे वाद थेट घर खाली करण्यावर येई.

सर्वांत महत्त्वाची होती ती आदेशातील १३ वी तरतूद. तिच्यानुसार नियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून घरमालकाला भाडेपट्टा संपुष्टात आणणारी नोटीसच देता येत नसे. परवानगीसाठीची कारणे आदेशात ठरवून दिलेली होती. एकूण तीन महिन्यांचे भाडे थकवून ते ठरवून दिलेल्या मुदतीत न भरणे, भाडे थकविण्याची सवयच असणे, मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे, घराचा ठरलेल्या प्रयोजनाहून वेगळा वापर करणे, भाडेकरूने दुसरे घर मिळविलेले असणे, शेजाऱ्यांस उपद्रव देणे, भाडेकरूला हलविल्याशिवाय करता न येणारी आवश्यक दुरुस्ती आणि मालकाची स्वतःची खरी गरज ही त्यांतील प्रमुख कारणे होती. स्वतःच्या गरजेच्या कारणावर परवानगी मागणाऱ्या मालकाकडे त्याच गावात स्वतःच्या वापरातील दुसरे घर नसावे, अशी अट होती.

परवानगी मिळाली म्हणजे घर मिळाले असे नसे. नियंत्रकाच्या निर्णयावर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील करता येई. तेथे हरलेला पक्ष मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका दाखल करू शके. या सर्वांतून परवानगी कायम राहिली, की मग मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०६ खाली नोटीस देऊन दिवाणी न्यायालयात ताब्याचा दावा करावा लागे. त्या दाव्यालाही अपिलाच्या आपल्या पायऱ्या असत. एकाच घरासाठी महसूल व दिवाणी अशा दोन जिन्यांनी क्रमाने चढावे लागे. भाडेकरूच्या दृष्टीने ही रचना भक्कम संरक्षण होती. आकसाने केलेला अर्ज पहिल्याच पायरीवर अडे आणि तीही वकिलावर फारसा खर्च न करता, तालुका किंवा जिल्ह्याच्या कचेरीत. मालकाच्या दृष्टीने मात्र खरी गरज सिद्ध केल्यावरही घर हाती येण्यास वर्षानुवर्षे लागत, आणि ज्या मुलाच्या संसारासाठी खोली हवी असे तो मुलगा तोवर दुसरीकडे स्थिरावलेला असे.

तिसरा भाग आज जवळजवळ विस्मरणात गेला आहे. घर रिकामे होताच मालकाने ते सात दिवसांत जिल्ह्याच्या प्रमुखास कळवायचे आणि प्रमुखाने ते सरकारी नोकर, निर्वासित अशा ठरावीक वर्गांतील व्यक्तीला देण्याचा हुकूम काढायचा, अशी ही योजना होती. मूळ मजकुरात जिल्हाप्रमुखासाठी मध्य प्रांतातील ‘डेप्युटी कमिशनर’ हा हुद्दा आहे. मुंबई राज्यात आल्यावर त्याचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे आले. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या आणि बदलीच्या नोकरांच्या निवाऱ्याचा प्रश्न या वाटपातून काही अंशी सुटला. पण आपला भाडेकरू आपण निवडायचा नाही, ही गोष्ट घरमालकांना जाचक वाटे, आणि घर रिकामे झाल्याची वर्दीच न देण्याकडे कल वाढे.

एकत्रित कायद्याकडे

तिन्ही कायद्यांचा समान दोष म्हणजे भाडे गोठणे. मुंबईच्या कायद्यात प्रमाणभूत भाडे १९४० च्या पातळीवर अडकले होते. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये असे मत दिले की, भाडे गोठविणाऱ्या या तरतुदी कालांतराने अवाजवी व मनमानी ठरल्या आहेत. कायद्याची मुदत लवकरच संपणार होती आणि नवा कायदा विचाराधीन होता, म्हणून न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या नाहीत. हा निकाल विदर्भाच्या आदेशावर नव्हता. तरी सर्व राज्यासाठी एकच कायदा करण्याच्या प्रक्रियेस त्याने गती दिली. १९९९ चा अधिनियम ३१ मार्च २००० रोजी अमलात आला आणि तिन्ही जुने कायदे निरसित झाले. त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे पुढे चालविण्याची तरतूद होती. त्यामुळे यवतमाळच्या न्यायालयांत नंतरही काही काळ दोन्ही कायद्यांचे दावे चालत राहिले.

१९९९ च्या अधिनियमाची व्याप्ती

हा कायदा निवास, शिक्षण, धंदा, व्यापार किंवा साठवण यांसाठी दिलेल्या जागांना लागू होतो; मात्र तो सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही. कायद्याच्या अनुसूचींत नमूद केलेली क्षेत्रे आणि शासनाने अधिसूचनेने जोडलेली क्षेत्रे यांपुरता तो आहे. त्याबाहेरच्या खेड्यांतील भाडेव्यवहार मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने चालतो. तेथे लेखी करार नसलेली मासिक भाडेदारी पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपविता येते आणि मालकाला कोणतेही कारण सिद्ध करावे लागत नाही. यवतमाळसारख्या ग्रामीण जिल्ह्यात ही बाब विसरली जाते. एखाद्या खेड्यात खोली घेऊन राहणाऱ्या शिक्षकाला किंवा आरोग्यसेविकेला तालुक्याच्या गावातील भाडेकरूइतके संरक्षण असतेच असे नाही.

काही जागा क्षेत्रात असूनही कायद्याबाहेर आहेत. शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना तो लागू नाही. त्यामुळे नगरपरिषदेच्या व्यापारी संकुलातील गाळेधारकांचे वाद भाडे नियंत्रण कायद्याने सुटत नाहीत. ते नगरपरिषदांविषयीच्या १९६५ च्या अधिनियमाच्या आणि पट्ट्याच्या अटींच्या कक्षेत येतात. तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम, विदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून या कायद्याचे संरक्षण मिळत नाही. सरकारी विमा कंपन्यांनी या वगळणुकीस दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने लीलाबाई गजानन पानसरे खटल्यात २००८ मध्ये फेटाळले. परिणामी, तालुक्याच्या गावात घराचा तळमजला राष्ट्रीयीकृत बँकेला दिलेला मालक बाजारभावाने भाडे मागू शकतो. त्याच इमारतीत जुन्या किराणा दुकानदाराला दिलेल्या गाळ्याबाबत त्याला ते करता येत नाही. कोळसा खाणींच्या वणी परिसरातही हाच भेद आहे. मोठ्या कंपनीने कार्यालयासाठी घेतलेली जागा कायद्याबाहेर असते, आणि खाणीवर काम करणाऱ्या कंत्राटी मजुराने स्वतः घेतलेली खोली, क्षेत्र कायद्याखाली असेल तर, कायद्यात असते.

भाडे आणि वाढ

जुन्या भाडेदारीत प्रमाणभूत भाड्याचा आधार १ ऑक्टोबर १९८७ ही तारीख आहे. त्या दिवशी जागा ज्या भाड्याने दिलेली होती ते भाडे, किंवा त्या दिवशी दिलेली नसल्यास त्यापूर्वी शेवटी दिलेले भाडे, आणि त्यावर पाच टक्के, असा सर्वसाधारण नियम आहे. न्यायालय अर्जावरून ते ठरवू शकते. कायदा अमलात आल्यापासून मालकाला दरवर्षी चार टक्के वाढ घेण्याचा हक्क आहे. भाडेकरूंपैकी ७० टक्के लोकांच्या लेखी संमतीने इमारतीत सुधारणा केली, तर तिच्या खर्चाच्या वार्षिक पंधरा टक्क्यांपर्यंतची वाढ वेगळी घेता येते. नगरपरिषदेचे कर वाढल्यास तेवढी वाढही भाड्यात धरता येते.

चार टक्क्यांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, मार्च २००० मध्ये मुख्य रस्त्यावरील एका जुन्या दुकानाचे भाडे दरमहा ३०० रुपये होते. दरवर्षी चार टक्के वाढ चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांनी ते सुमारे ८०० रुपये होते. सरळ धरली तर ६०० रुपये. शेजारच्या नव्या गाळ्याचे भाडे मात्र मागणी-पुरवठ्याने ठरलेले असते. म्हणून जुन्या भाडेदारीत नव्या कायद्यानेही मूळ दरी भरून निघालेली नाही. ती आणखी वेगाने रुंदावणे थोडे आवरले, इतकेच. कायदा लागू झाल्यानंतर सलग एक वर्ष भाड्याने न दिलेल्या जागा नव्याने देताना प्रमाणभूत भाड्याचे बंधन राहत नाही. त्यामुळे आज नव्याने खोली घेणाऱ्या कुटुंबाच्या किंवा विद्यार्थ्याच्या दृष्टीने भाडे नियंत्रण म्हणजे भाड्याची मर्यादा नसून मुख्यतः ताब्याचे व वागणुकीचे नियम आहेत.

ताब्याचे संरक्षण

भाडेकरू प्रमाणभूत भाडे व अनुज्ञेय वाढ देत आहे किंवा देण्यास तयार आहे, तोवर मालकाला ताबा मिळत नाही, हे कायद्याचे मूलतत्त्व आहे. थकबाकीसाठी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यापासून ९० दिवस झाल्याखेरीज दावा करता येत नाही. दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सर्व थकबाकी, त्यावर दरसाल पंधरा टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च न्यायालयात भरला, आणि पुढे नियमित भरत राहिला, तर हुकूमनामा होत नाही.

इतर कारणांमध्ये परवानगीवाचून कायमचे बांधकाम करणे, पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव, सबळ कारणावाचून सहा महिने जागा न वापरणे आणि मालकाची वाजवी व खरी गरज ही येतात. खऱ्या गरजेच्या दाव्यात न्यायालयाला दोन्ही पक्षांच्या अडचणी तोलून पाहाव्या लागतात. घर खाली केल्याने भाडेकरूला होणारा त्रास, ते न मिळाल्याने मालकाला होणाऱ्या त्रासाहून अधिक ठरला, तर ताबा नाकारला जातो. जागेचा काही भागच देण्याचा हुकूमही होऊ शकतो. गावात दुसऱ्या जागा भाड्याने मिळतात का, भाडेकरूने दावा लागल्यावर शोध घेतला का, असे प्रश्न येथे निर्णायक होतात. या कारणावर ताबा घेतलेल्या मालकाने एका महिन्यात जागा स्वतः वापरली नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरूला ती परत मागता येते.

विदर्भापुरता विचार करता २००० च्या बदलाने दोन्ही पक्षांनी काही मिळविले व काही गमावले. भाडे नियंत्रकाची परवानगी ही पायरी नाहीशी झाली. मालक आता थेट दिवाणी न्यायालयात जातो. भाडेकरूच्या दृष्टीने एक अख्खी तटबंदी पडली. उलट, भाडे थकविण्याची सवय हे १९४९ च्या आदेशातील स्वतंत्र कारण नव्या कायद्यात नाही. वारंवार भाडे अडविणारा भाडेकरू पूर्वी केवळ त्या सवयीमुळे घर गमावू शके; आता नोटीस आल्यावर किंवा समन्स मिळाल्यावर पैसे भरून तो वाचतो. मुंबईच्या अनुभवावर बेतलेल्या चर्चेत हा फरक सहसा येत नाही.

भाडेकरू मरण पावल्यास त्याच्याबरोबर राहणाऱ्या, किंवा दुकान असल्यास ते त्याच्याबरोबर चालविणाऱ्या, कुटुंबातील व्यक्तीकडे भाडेदारी जाते. अशी व्यक्ती नसल्यास वारसाकडे. बाजारपेठेतील आजोबांच्या नावाच्या पावतीवर नातू चालवीत असलेली दुकाने या तरतुदीवर उभी आहेत.

करार, पावती आणि अनुज्ञप्ती

कलम ५५ प्रमाणे प्रत्येक भाडेकरार वा अनुज्ञप्ती करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचा परिणाम असा की, नोंदणीकृत करार नसेल तर अटींविषयी भाडेकरू जे सांगतो ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही’ असा समज सर्वत्र दृढ आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये एक वर्षाहून कमी मुदतीच्या पट्ट्यांना सूट आहे, त्यातून तो आला. भाडे नियंत्रण कायद्याच्या क्षेत्रात तो चुकीचा आहे. मुदत कितीही असली तरी नोंदणी आवश्यक आहे. मुद्रांक कागदावर लिहून नोटरीपुढे सही केलेला करार म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे.

‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणून ओळखली जाणारी अनुज्ञप्ती ही भाडेदारीहून वेगळी आहे. तीत जागेत हक्क निर्माण होत नाही, केवळ ठरावीक काळ वापरण्याची परवानगी असते. निवासासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर राहणारा न हलल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्क भरपाई म्हणून मिळू शकते. लेखी करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. ही जलद वाट फक्त निवासी जागांसाठी आहे. दुकानासाठी तिचा उपयोग नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या अशा कराराची नोंदणी ऑनलाइनही होते.

भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पावती न देता रोख घेणे आणि पुढे थकबाकीचा दावा करणे, हा भाडेवादातील सर्वांत जुना प्रकार होय. अशा वेळी मनीऑर्डर, धनादेश किंवा बँकेतून पाठविलेली रक्कम भाडेकरूला वाचविते. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सेवा मालकाने बंद करणे हा अपराध असून न्यायालय त्या पूर्ववत करण्याचा आदेश देऊ शकते. कुलूप लावून बाहेर काढलेल्या भाडेकरूला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळविण्याचा दावा करता येतो. त्यासाठी भाडेदारीचा करार कागदावर असण्याचीही गरज नसते. आपण ताब्यात होतो एवढे दाखविता आले पाहिजे.

जिल्ह्यात करारपत्राचे महत्त्व विद्यार्थ्यांमुळे वाढले आहे. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अभियांत्रिकी व इतर महाविद्यालये यांमुळे शहरात खोल्यांना कायम मागणी असते. गोंड, कोलाम, आंध आदी आदिवासी समाजांतील आणि अनुसूचित जातींतील ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी राज्य शासनाच्या ‘स्वयं’ व ‘स्वाधार’ या योजनांतून निवास व भोजनाची रक्कम थेट बँक खात्यात दिली जाते. अशा विद्यार्थ्याला आपण भाड्याने राहतो हे दाखविण्याची गरज पडते, तर घरमालक कराच्या किंवा हक्काच्या भीतीने कागद देण्यास नाखूष असतो. पुणे-मुंबईत भाडे नियंत्रणाचा वाद जुन्या पगडीच्या घरांचा असतो. यवतमाळच्या विद्यार्थ्यासाठी तो एका सहीचा असतो.

दुरुस्ती

जागा राहण्यायोग्य ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने हयगय केल्यास भाडेकरू पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो व खर्च भाड्यातून कापून घेऊ शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. दरमहा ८०० रुपये भाडे असलेल्या जागेत ही रक्कम वर्षाला २,४०० रुपये होते. सागवानी लाकडाच्या आणि कवेलूंच्या जुन्या घराचे छप्पर एवढ्यात शाकारले जात नाही. भाडे कमी म्हणून मालक खर्च करीत नाही, दुरुस्ती नाही म्हणून भाडेकरू वाढ देत नाही, आणि इमारत दोघांच्याही हातून जाते. धोकादायक झालेली इमारत पाडण्याचा आदेश नगरपरिषदेने काढला, तर तेही ताबा मिळविण्याचे कारण आहे. म्हणून काही मालक घर मुद्दाम पडू देतात, असा आक्षेप भाडेकरू घेतात. मालकांचे उत्तर वरच्या आकड्यांत असते.

न्यायालये

मुंबई, पुणे, नागपूर येथे भाड्याचे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. यवतमाळ जिल्ह्यात ते त्या-त्या ठिकाणच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात. निकालावर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते आणि त्यापुढील दाद नागपूर खंडपीठाकडे मागावी लागते. ज्यांना वकील परवडत नाही अशा पात्र पक्षकारांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत साहाय्य मिळते. महिला व अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना ते उत्पन्नाची अट न लावता मिळते. भाडेवाद लोक अदालतीतही मिटविता येतात. घर खाली करण्यासाठी एक-दोन वर्षांची मुदत आणि थकबाकीत सूट, अशी तडजोड तेथे शक्य होते.

आदर्श भाडेदारी कायदा

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेदारी कायद्यास मंजुरी दिली. त्यात निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या आणि अनिवासी जागेसाठी सहा महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादित केली आहे, आणि भाडे परस्पर कराराने ठरविण्यावर भर आहे. हा केवळ नमुना असून राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. १९९९ च्या अधिनियमात अनामतीवर अशी कमाल मर्यादा घातलेली नाही. उलट, भाडेदारी देताना मालकाने व ती सोडताना भाडेकरूने मोबदला घेणे कलम ५६ ने वैध ठरविले आहे.